मानसशास्त्रात एमए करण्यासाठी कॉलेजं प्रत्यक्ष जाऊन बघावीत का? तुलना कशाची करायची?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहात, पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीच (मानसिक आजारांचं निदान आणि उपचार) करायचंय आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची फी, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) ग्रेड, वसतिगृह असा तक्ता तयार आहे. बघायला जरूर जा. पण आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर त्या तक्त्याचा फार उपयोग नाही.

एमएच्या गुणपत्रिकेवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ छापलेलं असलं म्हणजे आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो असं होत नाही. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती मिळते कौन्सिलने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच. आजवरचा रुळलेला रस्ता म्हणजे एमएनंतर दोन वर्षांची एमफिल: बंगळुरूचं निम्हान्स, पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था वगैरे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये एमफिल बंद केली, नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली, आणि दरम्यान आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणले. म्हणून कोणी कितीही छातीठोकपणे ‘आमच्याकडे आरसीआय आहे’ म्हणालं, तरी कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या यादीत संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यतेचं वर्ष तिन्ही तपासा. शाळेत, संस्थेत किंवा कंपनीत समुपदेशन करायचं असेल तर साधं एमए चालतं. मी तेच केलं आणि आज एका शाळेत काम करते. घरबसल्या पदवीचा विचार असेल तर सोडून द्या, यूजीसीने २०२५ पासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवलेत.

आता भेटीबद्दल. प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका, तेव्हा सगळेच गोड बोलतात. सत्र ऐन भरात असताना, साध्या कामाच्या दिवशी जा आणि विभागप्रमुखांना भेटण्याआधी दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा. कँटीनमध्ये सापडतात. त्यांना ‘कॉलेज कसं आहे?’ विचारलं की ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा: शेवटची केस कधी घेतलीस? त्यावर सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी शिक्षकाचं मार्गदर्शन, कोणी दिलं, एकट्याला की सगळ्या वर्गाला एकदम? मी कॉलेजं शोधत होते तेव्हा एका ठिकाणची मुलगी दर आठवड्याला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसायची, तिची वही मॅडमच्या लाल शाईने भरलेली होती. दुसरीकडे, जिथली इमारत कितीतरी देखणी होती, तिथे मुलांनी ओळखीच्या संस्थेतून प्रमाणपत्र आणून प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा सराव) उरकलं होतं. माझा निर्णय तिथेच झाला.

प्रयोगशाळेत मानसशास्त्रीय चाचण्यांचं कपाट असतं. रोर्शा, भाटिया, बिने-कामत सगळं मांडलेलं दिसेल. ते संच मुलांच्या हातात येतात की तपासणी समिती आली की कुलूप उघडतं, हेही मुलंच सांगतील. ग्रंथालयात गेल्या काही वर्षांचे लघुप्रबंध चाळा. सगळेच ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ताण’ आणि गुगल फॉर्म असतील, तर संशोधनाचं मार्गदर्शन कसं आहे ते कळलंच. (ताण त्या विद्यार्थ्यांना या फॉर्ममुळेच येत असावा.)

आणखी एक, जे तुमच्या तक्त्यात नसणार: समोर येणारी माणसं मराठी बोलतील, तुमचं शिक्षण बहुधा इंग्रजीत होईल. रोलप्ले मराठीतून करू देतात का, केस मराठीत मांडलेली चालते का, हे नक्की विचारा. माझं पहिलं वर्षभर ‘तुम्हाला कसं वाटतंय’च्या पुढे मराठीत गाडी जात नव्हती.

फी आणि राहण्याचा खर्च तुम्ही काढलाच आहे. मुंबईत खोलीचं भाडं फीपेक्षा जड जाऊ शकतं, बाकी त्यात बोलण्यासारखं काही नाही.

साताऱ्याहून पुण्याची एसटी पहाटे पकडलीत तर गणेशखिंडचा विद्यापीठाचा विभाग आणि फर्ग्युसन एका दिवसात होतं. मुंबईत कलिन्याचा मुंबई विद्यापीठाचा विभाग आणि देवनारचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) जोडून घ्या. कुर्ल्याहून हार्बरने गोवंडीला उतरायचं. टिसचे प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात, त्यामुळे त्या अर्जाची तारीख आधी बघा. विभागाला ईमेल टाकून ठेवा, उत्तर आलं नाही तरी जा.