चेक इंजिनचा कोड पुसून लगेच स्मॉग चेकला गेलो तर गाडी पास होईल का?

नाही होणार. तुम्ही लिहिलंय की गाडी २०११ ची चार सिलिंडरची कॅमरी आहे, कॅलिफोर्नियात आहे, पी०४२० (कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, कमी काम करतोय असं दिसल्याचा कोड) आला, ब्लूटूथ स्कॅनरने पुसल्यावर दिवा गेला आणि परवा स्मॉग चेक, म्हणजे तिथली प्रदूषण तपासणी, आहे. आधी ती अपॉइंटमेंट पुढे ढकला.

२००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांचा धूर तिथे मोजतच नाहीत, डॅशखालच्या पोर्टाला मशीन जोडतात. कोड पुसला की कॅटॅलिस्ट (म्हणजे कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर, इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा) असे मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, पुन्हा 'इनकम्प्लीट' होतात. त्यातला फक्त इव्हॅप अपुरा चालतो. कॅटॅलिस्ट अपुरा राहिला तर गाडी परत. शिवाय २०१० पासूनच्या गाड्यांत पर्मनंट कोड बघतात. तो स्कॅनरने पुसला जात नाही, बॅटरीची वायर काढूनही जात नाही. गाडीने स्वतः चाचणी घेऊन दोष नाही असं ठरवलं तरच जातो. कोड पुसल्यापासून १५ वॉर्म-अप (गार इंजिन सुरू होऊन पुरतं तापणं) आणि २०० मैल, दोन्ही झाले असतील तर तो धरत नाहीत, पण मूळ दोष तसाच असेल तर तोवर दिवा परत लागलेला असतो.

आता खरा मुद्दा. 'पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर गेला' असं डोळे झाकून सांगणाऱ्या गॅरेजवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. कोड एवढंच सांगतो की कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला कन्व्हर्टरचं काम कमी दिसतंय. ते का दिसतंय, हे शोधायलाच स्कॅनर असतो. लाइव्ह डेटा उघडा. इंजिन गरम, २५०० आरपीएम स्थिर. मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ वर जवळपास सपाट राहिलं तर कन्व्हर्टर बहुधा ठीक. ०.१ ते ०.९ असं सारखं नाचत असेल तर पुढे तपासा. पुढचा सेन्सर या गाडीत एअर-फ्युएल जातीचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) आहे, त्याच्या व्होल्टेजशी मागच्याची तुलना करत बसू नका. मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. तो +१० टक्क्यांच्या वर असेल तर कन्व्हर्टरला हात लावू नका, आधी हवा कुठून शिरतेय ते शोधा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर गॅस्केट फुटलं असेल तर गार इंजिन सुरू करताच टिक-टिक आवाज येतो, इंजिन तापल्यावर धातू फुगून तो बंद होतो, आणि जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसतो. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि बिल फुटतं कन्व्हर्टरच्या नावावर. मिसफायरचे (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे) कोड असतील तर ते आधी मिटवा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतं, नवा बसवलात तर तोही जाईल. ट्रिम शून्याच्या आसपास, कुठे गळती नाही, मिसफायर नाही आणि तरी मागचा सेन्सर नाचतोय, तेव्हाच कन्व्हर्टर बदला. तोही कंपनीचा मूळ नसेल तर कॅलिफोर्नियाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर (तिथल्या मंजुरीचा क्रमांक) कोरलेला आणि तुमच्या वर्षाला व इंजिनला लागू असलेलाच. ऑनलाइन मिळणारा स्वस्त माल गाडीखाली वाकून बघणाराच नापास करतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसा तो एकदाच. टाकी पाव ते पाऊण ठेवा. गाडी रात्रभर गार होऊ द्या, सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडल, मग फ्रीवेवर ताशी ५५ मैलांच्या आसपास एकसारखी दहा-पंधरा मिनिटं, मध्ये ब्रेक न लावता अॅक्सिलरेटर सोडून वेग उतरवा, मग थोडं शहरात. दिवसाआड असं करून स्कॅनरवर रेडिनेसचं (मॉनिटर पुरे झाले का ते दाखवणारं) पान बघा. कॅटॅलिस्ट 'रेडी', पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड नाही, पर्मनंट कोड नाही, मगच जा. स्वस्त अॅप पर्मनंट कोड दाखवत नसेल तर तो मोड दाखवणारं दुसरं घ्या.

वाहनतळावर गाडी नुसती चालू ठेवून कॅटॅलिस्टचा मॉनिटर पुरा होत नाही, त्याला रस्ता लागतोच.

हे सगळं कॅलिफोर्नियाचं. इतर राज्यांत अपुऱ्या मॉनिटरची सवलत वेगळी असते. आणि पुण्यात भावाच्या पेट्रोल गाडीची पीयूसी काढायची असेल तर तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) मोजतात, रेडिनेस कुणी विचारत नाही. स्कॅनरचा उपयोग तिथे ट्रिम आणि मिसफायर बघण्यापुरताच.