इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, गॅरेजवाला सेन्सर बदला म्हणतो. घरी तपासता येईल का?

तुमची गाडी पाच वर्षांची, सीएनजीची, चालतेय नेहमीसारखीच आणि बॉनेट न उघडताच ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंय. घरी तपासता येतं. तोवर सेन्सरचे पैसे खिशातच ठेवा.

आधी दिवा नीट बघा. नुसता जळत असेल, टेम्परेचर आणि ऑइलचे दिवे बंद असतील, तर घाई नाही. लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा. त्याचा अर्थ मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. न जळलेलं इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) पेटतं आणि तो जळाला की सेन्सर स्वस्त वाटायला लागतो.

स्टीअरिंगखाली, डॅशबोर्डच्या पोटात सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतो. ईएलएम ३२७ म्हणून मागा. आयफोन असेल तर त्यावर चालतो ना, ते आधी विचारा. साधे ब्लूटूथवाले बहुधा चालत नाहीत. चावी ऑनवर, फोनमध्ये एखादं ओबीडी (गाडीचा बिघाड वाचणारं) अ‍ॅप, आणि गाडीने नोंदलेला बिघाडाचा कोड वाचा. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. ‘फ्रीझ फ्रेम’ दिसली तर तिचाही, कारण बिघाड नोंदला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान त्यात असतं. कोड पुसलात की हे सगळं जातं.

आता खरी गोची. कोड कुठल्या भागाची तक्रार आहे ते सांगतो, काय बदलायचं ते नाही. माझ्या गाडीत पी०१३५ आला होता, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये गडबड. मलाही ‘सेन्सर गेला’ असंच ऐकवलं होतं. रविवारी सकाळी, सायलेन्सर गार असताना, टॉर्च घेऊन वायर शोधत गेलो तर ती उंदराने कुरतडलेली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदीर-घुशी बॉनेटमध्येच मुक्कामाला असतात, हे आपण विसरतो. वायर जोडून घेतली, सेन्सर अजून जुनाच आहे. म्हणून आधी फ्यूज, मग वायर, सेन्सरचं सॉकेट, आणि शेवटी सेन्सर.

पी०१७१ आला तर मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. इनटेकचा पाइप चिरलाय का, क्लिप सैल आहे का ते बघा. सीएनजीवर असाल तर काही दिवस पेट्रोलवर चालवून बघा. तक्रार फक्त गॅसवरच येत असेल तर मामला किटचा, आणि किटला आपण हात लावायचा नाही. तिथे प्रेशरचं काम आहे, सीएनजीवाल्याकडेच जा.

पी०३०१ असेल तर पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर पहिली आणि दुसरी अदलाबदल करा, इंजिन बंद आणि गार असताना. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेली. तिथेच राहिला तर प्लग काढून बघा. गॅसवर ते लवकर झिजतात.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसायची घाई करू नका. दोष खरंच गेला असेल तर दिवा काही फेऱ्यांनंतर आपोआप विझतो.