वही नको, पेन ठेव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

रोज एका तरी अनोळखी माणसाच्या उपयोगी पडायचं आणि रात्री वहीत तशी खूण करायची, हा तुझा बेत वाचला. बेत चांगला आहे, वही नको. रात्री साडेनऊला रकाना रिकामा दिसला की तू चपला घालून गरजू शोधायला निघशील आणि जो कुणी सापडेल तो बिचारा तुझा गृहपाठ होईल. तू मागितलेली मदतीच्या कामांची यादीही पाठवत नाही. त्यापेक्षा थोड्याच गोष्टी सांगतो, पण त्या करायच्या कशा हे धरून. मन बहुतेकांचं चांगलंच असतं, घोडं अडतं ते रीत ठाऊक नसल्यामुळे.

माझी सगळी नोकरी तालुक्याच्या बँकेत काउंटरमागे गेली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची रांग लागायची. पैसे काढायची स्लिप हातात धरून भिंतीला टेकलेली दोन-चार माणसं त्यात हमखास असत. कुणी चष्मा घरी विसरलेलं, कुणाला सही येते पण रक्कम अक्षरी लिहिताना हात अडतो, कुणाला वाचताच येत नाही आणि ते चारचौघांत कळू द्यायचं नाही. अशांना "तुम्हाला लिहिता येत नाही का?" असं खणखणीत आवाजात विचारणारे भले लोक मी पुष्कळ पाहिले. आजी लगेच म्हणणार, "येतंय की, नातू येनार हाय," आणि तासभर तशीच उभी राहणार. तेच "आजी, अक्षर फार बारीक छापलंय, मी भरू का?" म्हटलं की दोष छापखान्याकडे जातो आणि स्लिप तुझ्या हातात येते. खिशात स्वतःचं पेन ठेव. बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन कधीच उमटत नाही, हे आतल्या माणसाचं मत समज. भरून झालं की रक्कम वाचून दाखव, सही किंवा अंगठा त्यांचा त्यांना करू दे आणि बाजूला हो. नोटा मोजून देण्याचा आग्रह नको. एटीएमपाशी तर दोन पावलं लांबच उभा राहा. कार्ड हातात घ्यायचं नाही, आणि आपणहून पिन सांगायला लागले तर "मला नका सांगू" म्हणायचं. अनोळखी माणसावर भरवसा ठेवू नका, असं हल्ली त्यांना घरातले, बँकवाले, पोलीस सगळेच बजावतात, आणि ते योग्यच आहे. तुझ्याकडे संशयानं पाहिलं तर तोंड पाडून बसू नकोस. त्यांचा संशय शाबूत ठेवून जेवढं करता येईल तेवढंच आपलं काम.

अंध माणसाच्या बाबतीत उत्साही लोक याहून मोठा घोळ घालतात. दंड धरून सरळ ओढतच नेतात. आधी बोलावं, कुठं जायचंय, सोबत येऊ का, ते विचारावं. हो म्हणाले तर आपलं कोपर पुढे करावं. ते कोपराच्या जरा वर धरतात आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालतो. पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही. पायरी आली की चढायची की उतरायची ते सांगावं. निघताना "मी आता निघतो" हे न विसरता म्हणावं, नाहीतर तो माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

पुण्यात आहेस तर लेखनिक व्हायचं मनावर घे. अंध विद्यार्थी उत्तर सांगतो, आपण उतरवून घ्यायचं. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे परीक्षार्थीनं स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणात त्याच्यापेक्षा खालचा लागतो, त्यामुळे स्वतःचं शिक्षण आधीच स्पष्ट सांग. तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा धर. उत्तर चुकतंय असं दिसलं तरी सुधारायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. आणि एकदा हो म्हटल्यावर आदल्या रात्री "ऑफिसचं काम निघालं" असा फोन करणार असशील, तर हो म्हणूच नकोस. त्या मुलाचं वर्ष तुझ्या सवडीवर टांगलेलं असतं.

रस्त्यावरच्या अपघाताबद्दल तू लिहिलंस की पोलिसांच्या लचांडाची भीती वाटते. ती भीती जुनी आहे. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लाव, जवळची ठळक खूण सांग आणि गर्दी मागे हटव. बघ्यांची गर्दी हटवणं हेच तिथलं सगळ्यात अवघड काम.

वारी पुण्यात येते तेव्हा एकदा मुक्कामाच्या ठिकाणी जाऊन बघ. बिस्किटांचे पुडे वाटणारे खंडीभर असतात, घेणारे दमून जातात. पण कुणी बसून वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला शिवून देत असतो, कुणी दाढी-कटिंग करून देतो, कुणी पाय चोळून देतो. ज्याच्या हातात जे आहे ते त्यानं आणलेलं असतं. तुझ्या हातात काय आहे, ते मी शेवटी सांगतो. त्याआधी मदत करतानाचं मोबाईलवर चित्रीकरण करण्याबद्दल विचारलंस त्याचं उत्तर: नाही. "लोकांना प्रेरणा मिळते" हा युक्तिवाद मला पटत नाही. आमच्या एसटी स्टँडवर उन्हाळ्यात रांजणांची पाणपोई असायची, कोण भरतं ते कुणाला ठाऊक नसे. आता तिथं देणगीदाराची मोठी पाटी आहे. पाटी चकचकीत, नळ कोरडा.

गाडगेबाबा कुणाच्या दारी भाकरी घेण्याआधी त्या घरचं काहीतरी काम करून देत. फुकट घ्यायला स्वाभिमानी माणसाला जड जातं. म्हणून समोरच्यानं परत काही देऊ केलं, तर "छे छे, काही नको" म्हणून त्याला ऋणात अडकवून ठेवू नकोस.

आता तुझ्या हातातलं. सरकारी पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. गुडघे धरून जिने चढत बँकेत येणारी माणसं मी बघितली आहेत. हल्ली हे काम 'जीवन प्रमाण' ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं, पण तुझ्या सोसायटीतल्या किती आजोबांना हे माहीत असेल, कुणास ठाऊक. वॉचमनला विचार, वर कोण कोण पेन्शनर राहतात ते त्याला पक्कं ठाऊक असतं. एकटा जाऊ नकोस, शेजारच्या कुणाला तरी सोबत ने. आधार आणि पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) काढून ठेवायला आदल्या दिवशी सांग. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येईल, तो त्यांनाच वाचू दे, त्यांनाच टाकू दे, कितीही वेळ लागला तरी. चहा विचारतील. बिनसाखरेचा असेल, तरी पी.

तुझा,
काका