स्टेजची भीती घालवू नकोस, कामाला लाव
अरे स्टेजवर बोलायला उभं राहिलं की हात थरथरतात म्हणून एवढं टेन्शन नको घेऊ, मला इतक्या वर्षांनीही विंगेत उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. ते अ‍ॅड्रेनलिन असतं, म्हणजे शरीराला सज्ज करणारं रसायन, भीतीतही तेच नि उत्साहातही तेच, त्यामुळे 'शांत हो' असं स्वतःला बजावून काही होत नाही (मी करून बसलोय). २०१४ साली अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स या हार्वर्डच्या संशोधिकेनं प्रयोगात लोकांना गाण्याआधी 'मी एक्सायटेड आहे' म्हणायला लावलं तर ते खरंच बरं गायले. तू पण मोठ्यानं म्हणून बघ. आणि पहिली दोन वाक्यं इतकी घोटून ठेव की झोपेतून उठवलं तरी यावीत, धडधड तिथेच जास्त असते, मग तीच आवाजात जोर आणते. हो, पातळ कागद हातात नको, फडफडतो, जाड कार्ड घे.