आईला आमवात आहे, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. तरी हृदयाची तपासणी कशाला?

तुम्ही लिहिलंय, आईंना रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, बीपी-शुगर नाही, कोलेस्टेरॉलही नॉर्मल. मग डॉक्टरांनी सांगितलेली हृदयाची तपासणी म्हणजे उगाच खर्च नाही ना? नाही. जरूर करून घ्या. मलाही हाच आजार आहे, म्हणून कळकळीने सांगते.

हे दुखणं सांध्यांपुरतं नसतं. टीएनएफ, आयएल-६ अशी जी रसायनं बोटांचे सांधे सुजवतात, ती रक्तातून सगळीकडे फिरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही सूज आणतात. तिथे चरबीचा थर साचतो, सुजेमुळे तो ठिसूळ होतो. थर फुटला की त्यावर गुठळी होते, आणि तिने वाट अडवली की हार्ट अटॅक.

आता कोलेस्टेरॉलचं. आजार भडकलेला असतो तेव्हा सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारा आकडा) चढतो, पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बऱ्याचदा उतरतं. म्हणजे सकाळी तासभर मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, अशा दिवसांत काढलेला रिपोर्ट छान दिसतो आणि धोका मात्र वाढलेला असतो. म्हणून लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, आजार आटोक्यात असताना करावं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना, यूलार, तर नेहमीच्या तक्त्यावरून निघणारा हृदयाचा धोका या रुग्णांसाठी दीडपट धरायला सांगते.

नुसती सूज उतरवून खरंच फरक पडतो का? २०१७ साली कँटोस नावाच्या चाचणीत, अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांवर कॅनाकिनुमॅब हे सूज उतरवणारं इंजेक्शन तपासलं. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं, तरी मधल्या डोसवर अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. हे रुग्ण आमवाताचे नव्हते आणि त्या इंजेक्शनने जीवघेणे जंतुसंसर्गही थोडे वाढले, पण सुजेचा हात त्यातून स्पष्ट दिसला.

त्यामुळे आईंना बरं वाटलं म्हणून मेथोट्रेक्सेट हे आमवात आटोक्यात ठेवणारं औषध परस्पर बंद करू देऊ नका (ती गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नव्हे). मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि लांबलेलं स्टेरॉइड, दोन्ही हृदयाला जड जातात, डॉक्टरांना सांगाच. मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती सोडवा.

आणि या आजारात अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक दम लागला, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर संधिवातच असेल म्हणून घरी थांबू नका, थेट ईसीजी काढायला न्या.