तिसऱ्या प्रकरणातला पेला

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. भाषा चांगली चालली आहे, पण तिसऱ्या प्रकरणात मी अडखळलो. तुझा म्हातारा सावकार कण्हेर घातलेला पेला ओठांना लावतो आणि पेला जमिनीवर पडायच्या आत प्राण सोडतो. कण्हेर असं मारत नाही. तिचं विष हृदयावर चालतं, पण आधी मळमळ, उलट्या, पोटात कळा आणि त्यानंतर चुकत, मंदावत जाणारे ठोके. यात तास जातात. त्या तासांत घरात काय काय होईल, विचार कर. कुणी अपचन म्हणेल, कुणी डॉक्टरला बोलवायला धावेल आणि ज्याने विष दिलं त्यालाही उशाशी उभं राहून काळजीचा चेहरा करावा लागेल. तुझ्या कादंबरीतला सगळ्यांत चांगला प्रसंग तिथे होता आणि तू तो एका वाक्यात संपवलास.

म्हणून वनस्पती निवडताना ती किती जहाल आहे यापेक्षा ती किती वेळ घेते आणि त्या वेळात माणसाचं काय करते, ते आधी शोध. धोतऱ्याने डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, माणूस हवेतल्या नसलेल्या वस्तू वेचत बसतो. तो वाचला तरी त्या रात्रीचं त्याला बहुधा काही आठवत नाही. असा साक्षीदार तुला कुठे मिळणार? कुचल्याने स्नायू आवळून शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं आणि शुद्ध मात्र बहुतेक वेळा शाबूत असते, म्हणून तिथे ‘शांतपणे डोळे मिटले’ लिहिता येत नाही. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं. पहिले काही तास काहीच जाणवत नाही, मग पटकीसारखे जुलाब आणि उलट्या, पुढच्या दिवसांत रक्तपेशी घटतात. वाचलेल्या माणसाचे केसही काही दिवसांनी गळू लागतात. उशीवरचे केस पाहून चमकणारा डॉक्टर मला फार आवडेल.

नावांच्या बाबतीत सावध राहा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर या सख्ख्या बहिणी नाहीत, त्यांच्या प्रजातीही वेगळ्या: एक नेरियम, दुसरी कॅस्कबेला. टिपणवहीत प्रत्येक मराठी नावापुढे शास्त्रीय नाव लिहीत जा. माहिती विषशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांकडून घे. भेटताना ‘मी कादंबरी लिहितो आहे’ हे आधीच सांग. पान चुरगाळून पाहणं, चाखणं, घरात आणून वाळवणं, यातलं काहीही करू नकोस. हे मी कळकळीने सांगतो आहे.

आता काळ. कथा कोणत्या वर्षी घडते, ते तू अजून ठरवलेलं दिसत नाही. १८३६ मध्ये मार्शच्या चाचणीने सोमल (आर्सेनिक) पकडता येऊ लागला, पण वनस्पतींची विषं मृतदेहातून वेगळी काढणं तेव्हा जमत नव्हतं. १८५० मध्ये बेल्जियममध्ये काउंट बोकार्मेने मेहुण्याला तंबाखूतल्या निकोटिनने मारलं आणि रसायनतज्ज्ञ झाँ स्टास यांनी ते मृताच्या अवयवांतून काढून दाखवलं. पुढच्याच वर्षी काउंटचा शिरच्छेद झाला. १८८२ च्या लंडनमधल्या लॅमसन खटल्यात तर डॉ. स्टीव्हनसन यांनी मृतदेहातून काढलेला अर्क जिभेवर ठेवून बचनागाचं विष ओळखलं होतं. तपासनीसाला काय सापडू शकतं, हे असं वर्षावर ठरतं.

मात्रा आणि तयार करण्याची कृती मात्र लिहू नकोस. ती कळून वाचकाची उत्कंठा तिळभरही वाढत नाही आणि पुस्तक कुणाच्या हाती पडेल, ते आपल्या हातात नसतं.

तिसरं प्रकरण नव्याने लिही. पेला टेबलावर अर्धा भरलेला राहू दे. त्या रात्री घरात कोण कोण जागं होतं, ते मला वाचायचं आहे.

तुझा,
काका