आठ ग्रॅम सोने गेले कुठे?

प्रश्न : सासूबाईंची बोरमाळ आणि जुने गोठ मोडून धाकट्या मुलीच्या लग्नासाठी पाटल्या घडवून घ्यायच्या आहेत. आमच्या सोनारांनी दोन्ही डाग एकत्र तोलले तेव्हा 30 ग्रॅम भरले, परंतु पाटल्या जेमतेम 22 ग्रॅमच्या होतील, असे ते म्हणतात. सोनार तीन पिढ्यांच्या ओळखीचे असल्याने स्पष्ट विचारण्याचा संकोच वाटतो. लग्न वैशाखात आहे. काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या सोनारांचा हिशेब ऐकायला खटकतो, पण तो खोटाच असेल असे नाही. बोरमाळेचे मणी आणि जुने गोठ पातळ पत्र्याचे व आतून पोकळ असतात आणि ते दबू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. तराजूवर सोन्याबरोबर ही लाखही तोलली जाते. समजा, लाख निघून डाग आटवल्यावर 24 ग्रॅमची लगड हाती आली आणि जागोजागच्या डाखामुळे, म्हणजे सांधे जोडायच्या हलक्या कसाच्या मिश्रधातूमुळे, तिचा कस 83.3 टक्के निघाला, तर तिच्यात शुद्ध सोने 20 ग्रॅमच असते. पाटल्या 22 कॅरटच्या, म्हणजे 91.6 टक्के सोन्याच्या करायच्या झाल्यास त्यातून साधारण 21.8 ग्रॅमचा माल होतो. ‘आठ ग्रॅम गेले’ याचा अर्थ असा असू शकतो. तो तसाच आहे की नाही, हे मात्र आपल्या डोळ्यांसमोर ठरले पाहिजे.

त्यासाठी मूस भट्टीवर चढेल तेव्हा आपण तेथे बसून राहावे, आटवण्याआधीचे आणि आटवल्यानंतरचे वजन स्वतः पाहावे आणि लगडीचा कस यंत्रावर तपासून त्याची चिठ्ठी घ्यावी. कसोटीच्या दगडावरचा अंदाज अनुभवी माणसाचा असला तरी अंदाजच असतो. संकोचाचे म्हणाल, तर ‘घरी हिशेब दाखवायचा आहे’ एवढे सांगितले तरी पुरते; जुना सोनार त्याचा राग मानत नाही, आणि मानलाच, तर त्या रागातूनही काही कळते.

मजुरी आणि घट हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. आटवताना झालेली घट एकदा वजा झाल्यावर घडणावळीत तीच पुन्हा टक्क्यांनी लावली जाते, असा प्रकार माझ्या घरच्या एका नथीच्या बाबतीत घडला होता, आणि तो ध्यानात येईपर्यंत पैसे देऊन झाले होते. मजुरी शक्यतो दर ग्रॅमला ठरवावी. ती सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत ठरवली, तर भाव चढताच काम तेवढेच राहूनही मजुरी वाढते. सोने कमी पडून थोडी भर घालावी लागणार असेल, तर त्या भरीचा भाव आजचा की माल ताब्यात घेण्याच्या दिवशीचा, तेही चिठ्ठीवर असावे.

तयार पाटल्यांवर बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, ‘22के916’ हा शुद्धतेचा शिक्का आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक असावा. प्रत्येक पाटलीचा क्रमांक वेगळा असतो आणि ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तो दुकानातच पडताळून पाहता येतो. लग्नसराईत कारागिराकडे कामे साठलेली असतात आणि हॉलमार्कसाठी माल केंद्रावर जाऊन परत यायचा असतो, म्हणून वैशाखाचे काम माघातच सोपवावे.

मापासाठी ‘दोन-चार’ किंवा ‘दोन-सहा’ असा आकडा तोंडी सांगू नये. हे आकडे म्हणजे दोन इंच आणि वर चार किंवा सहा सोळांश इंच, असा आतला व्यास. त्यामुळे दोहोंत जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यानेही पाटली हातात जात नाही. मुलगी रोज घालते ती बांगडीच नमुना म्हणून द्यावी.

राहता राहिली बोरमाळ. मोडीत तिच्या मण्यांवरच्या कामाची किंमत शून्य धरली जाते. माझे मत विचाराल, तर गोठ आटवावेत, कमी पडेल तेवढे सोने नवे घ्यावे आणि बोरमाळ पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात गाठवून मुलीच्या गळ्यात घालावी.